पन्नास टक्के सावली

माझं अक्षर वळणदार नाही. ओळ सरळ धरली तरी शेवटाला खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकले तेवढंच, आणि त्यातलंही निम्मं विसरले. म्हणून आधीच माफी मागते. कोणाची मागते ते सांगता येणार नाही, कारण हे कागद कोणाला दाखवायचे नाहीत. पण लिहायला बसलं की कोणीतरी पाठीमागून वाचतंय असं वाटतं, आणि मला तर कोणी नुसतं बघितलं तरी हातातलं काम चुकतं.

होळी झाली आणि मी पोटमाळ्यावरून अंगणात सावलीला लावायची हिरवी जाळी काढली. पावसाळ्यात आणि थंडीत ती गुंडाळून ठेवावी लागते. अंगणात झटकली तर मागच्या वर्षीची धूळ निघाली आणि लिंबाचा वाळलेला पाला निघाला. कड्या तारेत ओवल्या, दोरी कप्पीतून घेतली आणि ओढली. खर्रकन आवाज करत जाळी अंगणावर सरकली, आणि खाली फरशीवर तो उजेड पडला. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, ऊन म्हणावं तर ऊन नाही. दोरी हातात धरून मी तशीच उभी राहिले. आतून पूजा, माझी पोरगी, म्हणाली, "मम्मी, दोरी अडकली का?"

मी म्हटलं, हो.

दोरी अडकली नव्हती. मीच अडकले होते. तो उजेड मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. भोकरदनच्या पुढं आमचं गाव. तिथं तेव्हा नुकत्या शेडनेट आल्या होत्या. खांब रोवून, तारा ताणून, वरून आणि चारी बाजूंनी जाळी, आणि आत टोमॅटो. पण ते टोमॅटो खायचे नव्हते. कंपनीला त्यांचं बी हवं असायचं. मादीची झाडं वेगळी, नराची झाडं वेगळी, आणि मधमाशी आत येऊ नये म्हणून दाराला दुहेरी पडदा. माशीचं काम आम्ही बाया करायचो. दुपारनंतर मादीच्या कळ्या चिमट्यानं उघडून आतला पिवळा भाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटात अंगठी घालायची. त्या अंगठीला खड्याच्या जागी बारीक वाटी असते, वाटीत नराचा पराग. एकेक फूल त्या वाटीत अलगद बुडवायचं, आणि झालं म्हणून खूण राहावी यासाठी फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरून टाकायच्या. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही हेच केलं.

आम्ही म्हणजे मी आणि गयाबाई. गयाबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. त्यांची ओळ आणि माझी ओळ शेजारी. मधे टोमॅटोची हिरवी भिंत, त्यामुळे त्या मला दिसायच्या नाहीत, नुसत्या ऐकू यायच्या.

"सुमन, आपुन काय करून राह्यलो सांग बरं?"

मी पुढचं फूल वाटीत बुडवायचे.

"लग्नं लावून राह्यलो. नवरी बी उभी, नवरदेव बी तयार, अन् दोघं बी मुके. म्हणून आपली मजुरी निघती."

मी तोंडावर पदर धरून हसायचे. त्यांना ते दिसत नव्हतं, पण कळत असावं, कारण त्या लगेच पुढचं सुरू करायच्या. त्यांच्या माहेरची गोष्ट, चुलत सासूची नक्कल, आदल्या रात्री थोरले दीर काय बरळले ते. माझ्याकडून उत्तराची त्यांनी कधी वाट बघितली नाही. सासरी आल्यापासून सगळे मला विचारायचे, बोलत का नाहीस गं, मुकी हायेस का. गयाबाईंनी ते एकदाही विचारलं नाही. एकदा एवढंच म्हणाल्या, "तू बोलत न्हाईस, पण तुझी ओळ माझ्या ओळीबराबर चालती. मला समजतं तू हायेस तिकडं."

एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर दुसरं कोणी बोललेलं नाही.

त्या जाळीत लाल रंग लाल दिसत नसे. माझी लग्नातली लाल साडी तिथं कॉफीसारखी दिसायची आणि कपाळावरचं कुंकू काळं. हात टोमॅटोच्या झाडाच्या चिकानं हिरवे-काळे व्हायचे. साबणानं निघत नसत, कच्चा टोमॅटो चोळला की निघत. दुपारी भाकरी सोडली की पहिला घास कडू लागायचा, तो हाताचा कडवटपणा. आणि दुपारी जाळीतून बाहेर पाऊल टाकलं की मला सगळं शिवार गुलाबी दिसायचं. आभाळ, बांध, म्हशीची पाठ, सगळ्यावर गुलाबी झाक. थोडा वेळ, मग जायची. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवी सून, डोळ्यांत दोष आहे म्हणतील ही भीती. एके दिवशी गयाबाईच दारातून बाहेर येऊन थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुमन, तुला बी समदं गुलाबी दिसतं का गं, का मलाच?"

मी म्हटलं, "मला बी."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं माझंच डोकं फिरलं."

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी दारात थांबायचो. गुलाबी उतरेपर्यंत.

ते बी पुढं नापास झालं. चूक कशी झाली ते सांगते, कारण आमच्याकडची माणसंच अशी चूक करू जाणोत. पराग काढून झाला की नराची झाडं उपटून टाकायची असतात. पण ती फळांनी लगडलेली होती. दोघा भावांचा हात धजला नाही. बाजारात दोन पैसे येतील म्हणून झाडं ठेवली, आणि तोडणीच्या घाईत नराच्या टोमॅटोचं एक कॅरेट बियाच्या कॅरेटांत गेलं. खुणेच्या कातरलेल्या पाकळ्या कोणी बघितल्या नाहीत. सगळं एकत्र तुडवलं, धुतलं, वाळवलं. कंपनीनं बी पेरून तपासलं तर त्यात भेसळ निघाली. आख्ख्या हंगामाचे पैसे गेले. ते कॅरेट कोणी उचललं? पूजाचे पप्पा म्हणायचे, भाऊनं. थोरले दीर म्हणायचे, धाकट्यानं. मला वाटतं एका बाजूनं एकानं धरलं असेल आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं. भरलेलं कॅरेट एकट्याला उचलत नाही.

त्या उन्हाळ्यात चूल वेगळी झाली. आम्ही टेम्पोत भांडी घालून जालन्याला आलो. पूजाच्या पप्पांना एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये काम लागलं. भावाभावांचं बोलणं बंद झालं, मग आम्हा जावांचं भेटणंही बंद झालं. कोणी बंदी घातली नाही. नुसतं, कशाला जायचं, असं झालं. बाईमाणसाला घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागतं, आणि नुसती आठवण येते हे काही कारण नव्हे.

जालन्यात आमचं घर पत्र्याचं आहे. पुढं फरशीचं अंगण. पूजाचे पप्पा रात्रपाळीला असतात. रात्रभर लाल लोखंडापुढं उभे राहून सकाळी येतात आणि झोपायची वेळ होते तेव्हा पत्रा तापायला लागतो. आत भट्टी, म्हणून ते बाज घेऊन अंगणात भिंतीच्या सावलीत झोपायचे. सावली सरकायची. मग झोपेतच उठायचे, डोळे न उघडता बाज ओढायचे, पुन्हा पडायचे. थोड्या वेळानं पुन्हा. फरशीवर बाजेच्या पायांचे पांढरे ओरखडे पडले होते. आणि उरलेल्या अंगणात माझ्या कुरडया, कारण कुरडईला तर ऊन लागतंच. एकाच अंगणात मला ऊनही हवं होतं आणि सावलीही.

मागच्या उन्हाळ्यात गयाबाई जालन्याला डोळे दाखवायला आल्या आणि पत्ता विचारत घरी आल्या. इतक्या वर्षांनी. फाटकात उभ्या राहिल्या आणि आत येईनात. मी बघितलं तर त्या आपल्या दिराकडं बघत होत्या. ते झोपेत बाज ओढत होते. ओढली, पडले, घोरायला लागले.

"असं रोज करते का हा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"रोज."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. चहा केला. त्यांनी माझा हात उलटा करून बघितला, आता चिक नसतो म्हणाल्या. पूजाचे पप्पा उठायच्या आत त्या निघाल्या.

चार-पाच दिवसांनी एक माणूस मोटारसायकलवर जाळीचा गुंडाळा, तारेचं वेटोळं आणि पिशवीभर कड्या-कप्प्या घेऊन आला. भोकरदनकडं शेडनेट उभारणारा फिटर, युसूफभाई. म्हणाला, "भाभी, बाईनं पाठवलं. पैशे मिळाले मला. तुम्ही फकत सांगा, तंबूवानी पक्की बांधू का पडद्यावानी सरकती?"

मी म्हटलं, सरकती. कुरडयांमुळं. आणि वारा सुटला की गुंडाळताही येईल.

त्यानं भिंतीत हूक ठोकायला सुरुवात केली तशी पूजाच्या पप्पांची झोप मोडली. बाजेवर उठून बसले. वर शिडीवर अनोळखी माणूस.

"हे काय चालू हाय?"

"जाळी लावून राह्यलो, साहेब."

"कोणी सांगितलं?"

युसूफभाईनं माझ्याकडं बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि म्हणाला, "खालच्या गोष्टी खाली विचारा साहेब. मी वर हाये."

मला बोलावं लागलं. "गावाकडच्या बाईंनी," मी म्हटलं.

शिडी हलत होती. ते उठले आणि जाऊन शिडी धरली. जाळी लागेपर्यंत धरून उभे होते. फिटर गेल्यावर मला म्हणाले, "त्याह्यचा रुपया आपल्याकडं ठेवायचा न्हाई. काय खर्चा झाला ते विचार अन् देऊन टाक. तू स्वतः जाऊन दे."

असं माझं जाणं सुरू झालं. ज्या माणसानं मला नुसतं भेटायला कधी पाठवलं नसतं, त्यानंच मला भोकरदनच्या बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवसाची गंमत राहिली. जाळीखाली झोपून ते दुपारी उठले तर बनियन घामानं चिंब. जाळीच्या कडेला शिवलेली पट्टी वाचली आणि माझ्याकडं बघायला लागले.

"ही पन्नास टक्क्याची हाय."

"मंग?"

"मंग काय? अर्धं ऊन आत येतं हिच्यातून. माणसाला पंच्याहत्तरची लागती. ही टमाट्याची हाय. वहिनीनं सवयीनं टमाट्याची जाळी घेतली." आणि मग म्हणाले, "सकाळपासून पिकून राह्यलो मी."

ते हसले. मीही हसले. त्या नापास बियानंतर आमच्या घरात टोमॅटोवरून कोणी हसलं नव्हतं. आणि वहिनी हा शब्दही त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला.

मग त्यांनीच आणखी एक दोरी लावली आणि अर्धी जाळी अर्ध्या जाळीवर घेता येईल असं केलं. दुहेरी झाली की तिच्याखाली बाजेपुरती दाट सावली पडते आणि उरलेलं अंगण उन्हाला मोकळं राहतं. त्यांची झोप आणि माझ्या कुरडया, दोन्ही भागतं. ते उठून चौकात चहाला गेले की मी जाळी पुन्हा एकेरी करते, सगळ्या अंगणभर. निवडायचं ताट घेऊन खाली बसते. हरभऱ्याची डाळ त्या उजेडात वेगळ्याच रंगाची दिसते. शेजारची म्हणते, एवढ्या विरळ जाळीत काय बसतेस, पोळतं की. तिला काय सांगू. दुकानात शोधून तो उजेड मला सापडला नसता. बाईंच्या चुकीनं तो माझ्या दारात आला. फाटकापर्यंत चालत गेलं की आजही रस्ता गुलाबी दिसतो. थांबते मी तिथं. पण आता शेजारी कोणी विचारत नाही, तुला बी दिसतं का म्हणून. पूजाला सांगायला गेले तर ती मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली, "ते सायन्स आहे, मम्मी." असेल.

भोकरदनला मी घरी जात नसे. थोरले दीर समोर आले तर काय करायचं, म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर भेटायचो. मागच्या बाजूच्या बाकावर, जिथं पंखा चालत नाही म्हणून कोणी बसत नाही. त्या भाकरी आणि ठेचा आणायच्या, मी कुरडया न्यायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी जमवलेले सगळे पैसे पुढं केले. गयाबाईंनी त्यातले थोडे उचलले आणि बाकीचे माझ्या पिशवीत परत टाकले.

"एवढे बास आज."

"बाई, घ्या ना. हे म्हणले, देऊन टाक."

"देऊन टाकशील. मंग पुढल्या बाजाराला तुला कोण पाठवंल?"

मी पिशवीचं तोंड बांधलं.

"माझं बी तसंच," त्या म्हणाल्या. "हे विचारतेत, कुठं चालली? मी म्हणते, सुमनकडून पैशे आणायला. बोलती बंद. पैशाला कोणी न्हाई म्हणत न्हाई. आठवणीला म्हणतेत."

तेव्हापासून आम्ही दोघींनी ते पैसे पुरवून पुरवून वापरले. सणासुदीच्या साखरेसारखे. आणि मी मनातल्या मनात एकच मागत होते, हे लवकर फिटू नयेत. लोक देणं फिटावं म्हणून नवस करतात. मला देवापुढं उभं राहायचीच लाज वाटायची.

त्या बाकावर गयाबाई बोलायच्या आणि मी ऐकायचे. मधे टोमॅटोची भिंत नव्हती एवढाच फरक. त्यांचे केस पांढरे झालेत. डोळ्याला चष्मा आलाय, तो त्या बोलताना कपाळावर चढवतात आणि मग शोधतात. त्या अजून जाळीत कामाला जातात, आता दुसऱ्यांच्या. म्हणायच्या, "शेजारच्या ओळीला नव्या पोरी असतेत. कानात वायर घालून गाणे ऐकतेत. मी बोलले तरी त्याह्यला पत्ता न्हाई." मग कपाळावरचा चष्मा शोधत, "तू ऐकायची."

परत आले की पूजाचे पप्पा विचारायचे, "घेतले का पैसे?"

"घेतले."

"कोण कोण होतं?"

"बाईच होत्या."

"भाऊचा खोकला गेला का?" हे भाकरी मोडता मोडता, ताटाकडं बघत. मी सांगायचे, अजून आहे. मग पुढं काही नाही. तिकडं थोरले दीरही असंच विचारायचे म्हणे. धाकटा अजून रात्रपाळीच करतो का, असं. पैशाच्या आडून दोन्ही घरं एकमेकांची खुशाली विचारत होती, आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

परवाचा दिवस बाजाराच्या आधीचा. जाळी लावून झाली होती. मी दुसऱ्या दिवशीसाठी कुरडया पिशवीत भरत होते. पूजाचे पप्पा उठले, तोंड धुतलं, आणि बाजेवर बसून मला हाक मारली. चेहऱ्यावर हसू होतं. मिलमधून त्यांना मागच्या जादा पाळ्यांचे पैसे एकदम मिळाले होते.

"आता ऊन वाढून राह्यलं," म्हणाले. "कशाला दर बाजाराला एवढे हेलपाटे घालतीस? त्या बसमधी जीव जातो तुझा. मी बघतो ना तुझ्याकडं, आल्यावर कशी गप पडून राहतीस."

मी गप्प पडून राहायचे ते थकून नव्हे. पण ते कसं सांगायचं. मला वाटलं, आता बोलावं. एकदा तरी बोलावं, की मला जायचंय, पैसे असोत नसोत. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात त्यांनी मोबाईल हातात घेतला.

"किती राह्यले?"

मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का, हे तेव्हापासून मला कळलेलं नाही.

त्यांनी पुतण्याचं, बाईंच्या पोराचं, नाव काढलं. पुतण्याचा नंबर त्यांच्याजवळ होता, हेही मला माहीत नव्हतं. जाड बोटांनी आकडा टाकला, पुन्हा तपासला, दाबलं. मोबाईल टिणटिणला. "झालं," म्हणाले. "बसल्या जागी." त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मला त्यांचा रागही आला नाही. माझ्यासाठीच केलं होतं त्यांनी.

थोड्या वेळानं फोन आला. पुतण्याच्या नंबरवरून गयाबाई.

"सुमन, पैशे आलेत म्हणतो हा."

"हो. ह्याह्यनी पाठवले."

"सगळे?"

"सगळे."

पलीकडं भांडी वाजत होती, कोणीतरी खोकत होतं. मग त्या म्हणाल्या, "मी काय मागितले होते का गं?" हळू आवाजात. भांडणाचा सूर नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी उत्तराची वाट बघितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं, ठेवते. चुलीवर दूध हाय."

मी फोन खाली ठेवला. पूजाचे पप्पा बाजेवर आडवे झाले होते, हात डोक्याखाली.

"काय म्हणली वहिनी? पोचले का?"

"पोचले."

"सगळे बराबर?"

"सगळे," मी म्हटलं.